घटातल्या धानापासून दुधीच्या फुलापर्यंत

(दृश्य: देवघरासमोर परडीत काळी माती, मधोमध कलश. भोवताली उगवलेलं पिवळट धान.)

नवरात्रात घट बसले की घरातलं लहान मूल रोज सकाळी परडीत डोकावतं. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात, दसऱ्यापर्यंत धान वीतभर होतं. पण ते पिवळट का असतं? देवघरात ऊन नसतं म्हणून. उजेड मिळाला नाही की कोंब हिरवा व्हायच्या ऐवजी नुसता लांब वाढतो. खिडकीच्या आत ठेवलेली भाजीची रोपंही अशीच किडकिडीत होऊन लवंडतात. म्हणून मुलाबरोबर भाजी लावायची तर पहिलं काम बाल्कनीत ऊन कुठे आणि किती वेळ येतं ते बघण्याचं. पालेभाजीला रोज तीन-चार तास पुरतात. फळभाजीला सहा तास तरी हवेत.

ऊन बघतानाच कठडाही बघून घ्या. कठड्याला लागून कुंडी, वीट, स्टूल, काहीही नको. मुलासाठी ती पायरी होते. कुंड्या भिंतीच्या बाजूला ठेवाव्यात आणि पाणी घालताना मोठं माणूस शेजारी असावं. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी ओतून, घासून कोरड्या करा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

(दृश्य: छोट्या हातातून मातीवर पडणारे मेथीदाणे.)

पहिलं पीक मेथीचं घ्यावं. मुलाचा धीर जितका टिकतो, तेवढ्यात ती ताटात येते. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत तिचा हंगाम. भर पावसात ती सडते. बी डब्यातलंच चालतं. सहा इंच खोल टब घ्या आणि तळाला पाच-सहा भोकं पाडा. दोन भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत मिसळा. शेणखत वापरायचं तर पूर्ण कुजलेलं हवं, ताजं शेण मुलाच्या हाताखाली नको. मेथी रात्रभर भिजवून सकाळी निथळून घ्या. मूल ओंजळभर दाणे एकाच जागी टाकणार, हे धरूनच चाला. त्यासाठी दाण्यांत मूठभर कोरडी माती मिसळली की आपोआप विरळ पडतात. वरून जेमतेम एक सेंटीमीटर माती पुरे. तीन-चार दिवसांत दोन साधी गोलसर पानं वर येतात. ही मेथीसारखी दिसतच नाहीत, आणि मूल विचारतंच, 'हे दुसरंच काही उगवलं का?' मागून तीन-तीन पानांची खरी मेथी दिसायला लागते. २५ ते ३० दिवसांत ती खुडायला येते.

कोथिंबीर मात्र पहिल्या फेरीला नको. धणे हलके रगडून दोन फाकी केल्या तरी उगवायला दहा-बारा दिवस जातात, आणि तेवढ्यात मूल माती उकरून बघतं.

मेथीचा घात बहुतेक वेळा पाण्याने होतो. मुलाला पाणी घालायला अतिशय आवडतं, आणि ते दिवसातून चारदा घालतं. ओल तुंबली की मातीतली बुरशी कोवळ्या देठाला जमिनीलगत धरते, देठ तिथे बारीक होतो आणि सकाळी ताठ दिसलेलं रोप संध्याकाळी आडवं पडतं. याला रोपं कोलमडणं म्हणतात. पडलेलं रोप वाचत नाही. उरलेल्यांसाठी दोन दिवस पाणी बंद ठेवून उजेड आणि वारा वाढवा. पाण्याची झारी मुलाकडून काढून घेऊ नये, ती छोटी करावी: पाव लिटरची बाटली, झाकणाला तापलेल्या दाभणाने मोठ्यांनी पाडलेली आठ-दहा भोकं, आणि दिवसाला एकच बाटली, तीही सकाळी. आधी बोट मातीत खुपसायचं. बोटाला ओली माती चिकटली तर आज पाणी नाही. हा निर्णय मुलालाच घेऊ द्यावा, मूल तो फार गंभीरपणे घेतं.

(दृश्य: उपटलेलं रोप, मुळं जवळून.)

मेलेलं रोप गुपचूप काढून तिथे नर्सरीतलं नवं लावणं आम्हाला पटत नाही. उपटून मुळं दाखवा. पांढरं, घट्ट मूळ निरोगी असतं, तपकिरी होऊन बोटात गळणारं कुजलेलं. मूल रडलं तरी चालेल, पण काय झालं ते त्याला कळायला हवं.

बियांबद्दल दोन गोष्टी. पाकिटातलं बी गुलाबी, निळं किंवा गडद हिरवं रंगवलेलं असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, ते मुलाच्या हातात देऊ नये. आणि तीन वर्षांखालच्या मुलाजवळ वाल, चवळी, वाटाणे मोकळे ठेवू नयेत. नाकात गेलेला दाणा ओलाव्याने फुगतो आणि मग डॉक्टरांकडेच काढावा लागतो. काम संपलं की साबणाने हात धुवायचे, नखांखालीसुद्धा.

(दृश्य: संध्याकाळ. मांडवावर उमललेलं पांढरं फूल.)

मेथी एक-दोनदा खाऊन झाली की दुधी लावावा, जानेवारी-फेब्रुवारीत किंवा जूनमध्ये. चाळीस लिटरची पिशवी, रात्रभर भिजवलेल्या दोन बिया दोन सेंटीमीटर खोल, आणि उगवल्यावर जोमदार असेल ते एकच रोप. वेलाला सात-आठ पानं आली की शेंडा खुडा. बाजूच्या फांद्या फुटतात आणि मादीफुलं जास्त करून त्यांवरच येतात. सुरुवातीला नुसती नरफुलं येतात आणि गळून जातात. इथे पुष्कळ घरांत वेलाला रोग झाला असं वाटून औषध मारलं जातं. ते नको, थांबावं. एक दिवस फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी दिसेल. ती मादी.

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी मलूल होतं. परागीकरण निशाचर पतंग करतात, आणि चौथ्या मजल्यावर ते येतीलच असं नाही. म्हणून अंधार पडताना मुलाला घेऊन मांडवाखाली जा. ताजं नरफूल खुडून पाकळ्या मागे सारा, मधल्या दांड्यावरची पिवळी पूड बोटाला लागते का बघा, आणि तो दांडा मादीफुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवा. पुढचे तीन-चार दिवस मोलाचे. जमलं असेल तर छोटा दुधी भराभर फुगतो. नसेल तर टोकाकडून पिवळा पडून गळतो. किड्याने खाल्लं असं मुलाला सांगू नका, पराग पोचले नाहीत असंच सांगा. पुढच्या फुलाला ते स्वतःच अधिक नीट हात लावतं.

साधारण दोन आठवड्यांत, सालीत नख सहज रुततं तोवर दुधी काढावा. शिजवण्याआधी मोठ्यांनी एक चकती जिभेला लावून बघावी. कडू लागली तर थुंकून सगळा दुधी टाकून द्यावा, मुलाने कितीही हट्ट धरला तरी. कडू दुधीतलं द्रव्य विषारी असतं आणि त्याचा रस पिऊन माणसं गंभीर आजारी पडली आहेत.

(दृश्य: कढीपत्त्यावरची हिरवी अळी.)

किडींपैकी काही मुलासाठी राखूनच ठेवाव्यात. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ती फुलपाखराची अळी असते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते, आणि हळूच स्पर्श केला की डोक्यामागून नारिंगी रंगाची दुबेळकी शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. पानं जातील, पण पुन्हा फुटतात. वालावरच्या माव्याला, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीला, मात्र लगेच पाण्याचा जोरदार फवारा द्यावा. त्याच्याजवळ काळी, नारिंगी ठिपक्यांची काटेरी अळी फिरत असेल तर तिला मारू नये. ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी, मावा खाणारी. तरीही आवरलं नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब साबण, संध्याकाळी, मोठ्यांच्याच हाताने.

वाल जूनमध्ये लावला तर पाऊसभर नुसती पानं वाढतात. गावरान वाल दिवस लहान होऊ लागल्यावर फुलतो, तेव्हा मुलाला हे आधीच सांगून ठेवावं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असं गावरान बी जपलं, त्यासाठी त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. घरी तेच करता येतं. सगळ्यात भरलेल्या शेंगेला मुलाने रंगीत दोरा बांधावा, म्हणजे ती कुणी तोडणार नाही. वेलावरच वाळून आत दाणे खुळखुळले की सोलायची, दाणे सावलीत आठवडाभर वाळवायचे, चुलीच्या राखेत घोळवून काचेच्या बाटलीत भरायचे आणि वर नाव, महिना, वर्ष लिहायचं. संकरित पाकिटातल्या पिकाचं बी ठेवू नये, पुढच्या वर्षी ते तसंच येत नाही.