पिस्टन हातात नसेल तर ब्लॉक देऊ नका

(टेबलावर एक पिस्टन, शेजारी वहीचं पान)

हा पिस्टन बघा. मारुती एस्टीमच्या १२९८ सीसी इंजिनासाठी मागवलेला फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेला, पिस्टन. इथे, स्कर्टवर, म्हणजे पिस्टनच्या खालच्या कडेवर, हा चकचकीत पट्टा दिसतोय? तो ६०० किलोमीटरमध्ये पडलाय. रोज सकाळी गाडी सुरू केली की पहिली पाच मिनिटं आतून टक-टक-टक आवाज यायचा आणि इंजिन गरम झालं की बंद व्हायचा. ज्यांनी इंजिन बांधलंय त्यांना हा आवाज लगेच कळेल. पिस्टन सिलिंडरमध्ये सैल बसलाय आणि भिंतीवर आपटतोय.

नमस्कार मंडळी. आज पुण्यात परफॉर्मन्स इंजिन बांधून घेताना गॅरेजवाल्याशी आणि बोरिंगवाल्याशी, म्हणजे मशिनवर सिलिंडर मोठे करून देणाऱ्याशी, कसं वागायचं, काय लिहून द्यायचं, काय लिहून घ्यायचं, त्यावर बोलू. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कुठला घ्यावा, एक्झॉस्ट कुठला लावावा, यावर भरपूर व्हिडिओ आहेत. पण माझ्या पाहण्यात पुण्यातली बहुतेक इंजिनं कॅममुळे खराब झालेली नाहीत. ती एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाताना, मधल्या रस्त्यावर खराब झाली आहेत.

माझंच सांगतो. ब्लॉक, म्हणजे चारही सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा मुख्य भाग, उघडला, तर सिलिंडर झिजलेले होते. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७४ मिमी. अर्धा मिमी ओव्हरसाइज करायचं ठरलं, म्हणजे ७४.५०. पिस्टन बाहेरून यायचे होते आणि त्यांना वेळ लागत होता. मला घाई झाली होती. मी ब्लॉक उचलला, भोसरीत एका दुकानात नेला आणि सांगितलं, “काका, पॉइंट पन्नास ओव्हरसाइज करून ठेवा. पिस्टन मागाहून येतायत.” काका म्हणाले, “ठेवून जा, सोमवारी घेऊन जा.”

सोमवारी ब्लॉक मिळाला. दिसायला सुंदर होता, होनिंगच्या, म्हणजे दगडाने भिंत शेवटची घासल्याच्या, तिरक्या रेघा अगदी जिथल्या तिथे. मी तो गॅरेजला दिला. पिस्टन आले, गॅरेजने ते बसवले, इंजिन जोडून बंद केलं. या सगळ्या प्रवासात बोअर गेज (आतला व्यास मोजायचं साधन) त्या ब्लॉकमध्ये नेमका एकदाच गेला होता, तोही बोरिंगच्या दुकानात. आणि तो आकडा मी मागितला नव्हता.

आवाज आल्यावर इंजिन पुन्हा उघडलं, तेव्हा मोजलं. या टेबलावरच्या पिस्टनशिवाय बाकी तिन्ही ७४.४२. पिस्टनसोबतच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की भिंतीपासून ०.०८ मिमी अंतर ठेवा. म्हणजे बोअर ७४.५० हवा होता. निघाले किती? पहिला ७४.५३, दुसरा ७४.५३, तिसरा ७४.५५, चौथा ७४.५२.

हे तीन शतांश, म्हणजे ०.०३ मिमी, आले कुठून, ते नीट समजून घ्या, कारण इथेच सगळी गोम आहे. कंपनीच्या साध्या कास्ट (ओतीव) पिस्टनला साधारण ०.०२ ते ०.०४ अंतर लागतं. बोरिंगवाला आयुष्यभर हेच काम करत आलाय. पिस्टन मोजायचा आणि त्यात तीन शतांश मिळवायचे. माझा पिस्टन त्याच्यासमोर नव्हताच. म्हणून त्याने ७४.५० हेच पिस्टनचं माप धरलं आणि सवयीप्रमाणे वर तीन शतांश दिले. पण फोर्ज्ड पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतो, म्हणून बनवणारा तो आधीच बारीक बनवतो आणि खोक्यावर मात्र बोअरचं माप छापतो. दोघांनी आपापल्या परीने अंतर ठेवलं आणि ते दोनदा ठेवलं गेलं. तिसऱ्या सिलिंडरचे वरचे दोन शतांश मात्र होनिंगमध्येच चुकले होते, त्याला दुसरं कारण नाही.

मग काय झालं असेल? गॅरेज म्हणालं, बोरिंगवाल्याला विचारा. बोरिंगवाला म्हणाला, बसवताना मोजलं का नाही? दोघंही बरोबर बोलत होते, आणि पैसे मी दोनदा भरले.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालंय. जो इंजिन जोडतो, त्याने हातात आलेली प्रत्येक गोष्ट जोडण्याआधी स्वतः मोजली पाहिजे. बोरिंगवाला कितीही नावाजलेला असो. आणि ते माप कागदावर, तारखेसह, सहीसह हवं. गॅरेजला पहिल्याच भेटीत विचारा: “ब्लॉक परत आल्यावर तुम्ही बोअर मोजणार का? कशाने मोजणार?” उत्तरात बोअर गेज आणि मायक्रोमीटर हे शब्द आले तर पुढे बोला. “आपला नेहमीचा माणूस आहे, बघावं लागत नाही” असं उत्तर आलं तर चहा घ्या, नमस्कार करा आणि निघा. आणि मोजण्याचे वेगळे पैसे द्यायची तयारी ठेवा. अर्धा दिवस मोजण्यात जातो. तो फुकट मागितला तर तो होणारच नाही.

आता बोरिंगवाल्याची बाजू ऐका, कारण त्याच्याबद्दल वाईट बोलायला मी इथे बसलेलो नाही. पुण्याला मशिनिंगचा मोठा वारसा आहे. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून, कोथरूडला कमिन्स, मुंढव्याला भारत फोर्ज, जिथे क्रँकशाफ्ट घडतात. भोसरी-चिंचवडच्या गाळ्यांमधून याच सगळ्या कंपन्यांची कामं होत आली. तिथे असे हात आहेत की नुसतं बोट फिरवून सिलिंडरमधली वरची कडा किती राहिलीय ते सांगतात. पण त्या गाळ्याचं पोट ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटरच्या कामावर चालतं. आपण एक ब्लॉक घेऊन जातो आणि आठवड्यात दहा फोन करतो. त्याच्या दृष्टीने आपण वेळखाऊ गिऱ्हाईक आहोत. म्हणून जाताना पूर्ण तयारीने जा, एकदाच सगळं सांगा आणि मग त्याला काम करू द्या.

तयारी म्हणजे काय, तर हा कागद. (पान कॅमेऱ्यासमोर) इंजिन नंबर. प्रत्येक पिस्टनचं वेगळं माप, कुठे मोजलं त्या उंचीसकट, कारण स्कर्ट वर-खाली सारखा नसतो. कुठला पिस्टन कुठल्या सिलिंडरमध्ये जाणार. प्रत्येक बोअरचं शेवटचं माप, वर, मध्ये, खाली, आणि काटकोनात फिरवून पुन्हा. किती फरक चालेल. खाली “काम झाल्यावरचं माप” म्हणून रिकामी चौकट, ती त्यांनी भरायची. नुसतं “पॉइंट पन्नास करा” असं तोंडी सांगणं म्हणजे शिंप्याला कापड देऊन “शर्ट शिवा” एवढंच सांगून येणं.

आणि पिस्टन सोबत द्या. आदल्या दिवशी द्या. हे का, ते ऐका. मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. ॲल्युमिनियमचा ७४ मिमीचा पिस्टन २० अंशांनी तापला की सुमारे ०.०३ मिमी फुगतो. मे महिन्यात दुपारी गाडीच्या डिकीतून काढलेला पिस्टन लगेच मायक्रोमीटरमध्ये धरलात, तर साध्या पिस्टनचं अख्खं अंतर तिथेच गेलं. ब्लॉक आणि पिस्टन एकाच पत्र्याच्या शेडखाली रात्रभर शेजारी राहू देत, सकाळी मोजा. याला खर्च शून्य आहे.

टॉर्क प्लेटबद्दल तुम्ही विचारणारच. हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, बोल्ट आवळले की सिलिंडरचा गोल थोडा बिघडतो. म्हणून होनिंग करताना हेडच्या जागी जाड लोखंडी प्लेट तेवढ्याच टॉर्कने आवळतात, म्हणजे बिघडलेल्या अवस्थेतच गोल केला जातो. तुमच्या इंजिनाची प्लेट दुकानात असण्याची शक्यता कमी. पण जुनी हेड गॅसकेट नेऊन दिली की त्यावरून छिद्रं मारून प्लेट बनवून देणारे जॉबवाले तिथेच सापडतात. एकदा बनवली की ती तुमची. मी बनवली आहे, आणि माझ्या मते महागड्या इनटेकच्या आधी हा खर्च करावा.

हेडचं काम वेगळ्या दुकानात जात असेल, तर तिथे आणखी एक प्रश्न: किती घासलं? “थोडं फेसिंग केलंय” हे उत्तर घेऊ नका. हिशेब दाखवतो. एका सिलिंडरचं आकारमान सुमारे ३२५ सीसी. कम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर आल्यावर मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ९.५ असेल, तर पिस्टनच्या वर उरलेली जागा साधारण ३८ सीसी. चेंबर (हेडमधली ही पोकळी) जवळपास बोअरएवढा रुंद धरला आणि हेड अर्धा मिमी घासलं, तर दोन सीसींहून थोडी जास्त जागा जाते आणि कम्प्रेशन १० च्या घरात पोचतं. शिवाय हेड खाली आलं की टायमिंग बेल्टच्या इंजिनात कॅमचं टायमिंगही थोडं मागे सरकतं. तुम्ही कुठलं पेट्रोल भरणार, इग्निशन किती पुढे ठेवणार, हे सगळं या आकड्यावर अवलंबून. आणि तो आकडा त्या माणसाला माहीत असतो, फक्त कुणी विचारलेला नसतो.

देण्याआधी फोटो काढा. मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकला जोडून एकत्र बोअर केलेल्या असतात, त्यांची जागा किंवा दिशा बदलली की क्रँक अडकतो. प्रत्येकीवर नंबर आणि बाण आहे ना, ते बघा, नसेल तर पंचाने खूण करा. कनेक्टिंग रॉडच्या कॅपचंही तसंच. आणि ब्लॉकवरच्या इंजिन नंबरला कुणीही ग्राइंडर लावणार नाही, हे लिहून द्या. तो नंबर तुमच्या आरसीवर आहे. ब्लॉक वापरण्याच्या पलीकडे गेला आणि दुसरा घ्यावा लागला, तर आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागते, ते काम “नंतर बघू” वर टाकू नका.

परत आलेला ब्लॉक स्वच्छ धरू नका. होनिंगच्या दगडाची पूड त्या रेघांमध्ये अडकलेली असते. डिझेलने धुतलं की ब्लॉक चमकतो, पण पूड आत राहते आणि पहिल्या तासात नव्या रिंगा खाते. गरम पाणी, साबण, ब्रश. मग पांढऱ्या फडक्याला तेल लावून पुसायचं. फडकं करडं आलं तर पुन्हा. मला सहा वेळा धुवावं लागलं होतं.

पैशाचं थोडक्यात. बिल घ्या, त्यावर कामाचं वर्णन आणि मापं असू देत. भारतीय करार कायदा, १८७२, याच्या कलम १५१ प्रमाणे तुमची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती, साधारण समजूतदार माणूस स्वतःची वस्तू जपेल तशी जपायची असते. त्याच कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, ज्याने तुमच्या वस्तूवर कारागिरी केली, त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते, वेगळा करार नसेल तर. म्हणजे वाद झाला की ब्लॉक त्याच्याकडे अडकू शकतो आणि त्यात तो चुकीचा ठरत नाही. फारच टोकाला गेलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पण तिथेही पहिला प्रश्न येतो, लेखी काय आहे?

माझ्या बाबतीत भांडण झालं नाही. मी इंजिन उघडून मोजलेली मापं कागदावर लिहिली, पिस्टनचं पत्रक घेतलं आणि त्याच दुकानात गेलो. काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं. स्वतःचा गेज काढला, तिसरा सिलिंडर मोजला, दोनदा मोजला. म्हणाले, “हा तिसरा माझ्याकडून झालाय. बाकीच्यांना तुम्ही पिस्टन दाखवायला हवा होता, आणि मीही मागायला हवा होता.” एवढं सरळ बोलणाऱ्या माणसाला सोडून नवं दुकान शोधण्यात मला अर्थ दिसला नाही. चारही सिलिंडरना नवे लायनर, म्हणजे आतून नव्या नळ्या, बसवून पुन्हा योग्य मापाला बोअर करायचे, म्हणजे हेच पिस्टन वाचतात. लायनरचे पैसे माझे, मजुरी त्यांनी अर्धी केली.

या पिस्टनचं माप आता ७४.४१ आहे, एक शतांश झिजलाय. म्हणून याच्या सिलिंडरसमोर मी ७४.४९ लिहिलंय. उरलेले तीन पिस्टन परवा संध्याकाळपासून ब्लॉकशेजारी त्यांच्या शेडमध्ये आहेत, टॉर्क प्लेटही तिथेच आहे. हा एवढा तुम्हाला दाखवायला आणला होता, आज संध्याकाळी तोही त्यांच्याकडे पोचेल. उद्या गुरुवार, भोसरी बंद. होनिंग शुक्रवारी सकाळी.

(कॅमेरा कागदावर. “काम झाल्यावरचं माप” खालच्या चारही चौकटी रिकाम्या.)