पाटी लागली, घर नाही

(दृश्य: लाल विटांच्या घरांची रांग. एका दारापुढे एजंटची पाटी.)

रेडिंग. लंडनच्या पश्चिमेला, ट्रेननं अर्ध्या तासावर. ऑक्टोबर २०२४ मध्ये या दारापुढे पाटी लागली, 'सोल्ड'. त्याखाली बारीक अक्षरांत 'सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट'. सगळी गोम त्या बारीक अक्षरांत आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑफर मान्य झाली म्हणजे नुसती बोलणी झाली. दोन्हीकडच्या सॉलिसिटरांनी (खरेदी-विक्रीचे कागद बघणाऱ्या वकिलांनी) करारांची अदलाबदल, म्हणजे 'एक्स्चेंज', करेपर्यंत कोणीही उठून जाऊ शकतं. इसार, बहुधा दहा टक्के, द्यायचा तोही त्याच वेळी.

(दृश्य: फ्रीजवरचं कालनिर्णय, जवळून.)

घर घेणारे दोघं मूळ पुण्याचे. शुक्रवारी पेनानं केलेला प्रत्येक गोल म्हणजे सॉलिसिटरला पाठवलेला मेल. उत्तर आलं की गोलात बरोबरची खूण. खुणा मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

(दृश्य: जेवणाच्या टेबलावर पसरलेले कागद.)

सॉलिसिटर झोपा काढत होता, असं म्हणणं सोपं आहे. त्याच्या ऑफिसात आपल्याला कॅमेरा नेता आला नाही. पण कागद बघा. कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, नोंदींचा शोध, पाण्याचा आणि सांडपाण्याचा शोध, पुराच्या धोक्याचा अहवाल. मग प्रश्न. घरामागे वाढवलेल्या या स्वयंपाकघराचं बांधकाम-प्रमाणपत्र कुठे आहे? प्रश्न आपल्या सॉलिसिटरकडून समोरच्या सॉलिसिटरकडे, तिथून मालकीणबाईंकडे. त्या माळ्यावरची खोकी उपसणार. उत्तर त्याच वाटेनं उलटं. प्रमाणपत्र सापडलंच नाही. शेवटी त्यापोटी विमा उतरवून भागवलं. एवढ्याला सात आठवडे.

(दृश्य: सातबारा. बोट एका ओळीवर थांबतं.)

आणि हा सातबारा. रेडिंगच्या घराला दौंडजवळची जमीन कुठून चिकटली? वडिलांनी जमीन विकून मुलाला पैसे दिले. मनी लाँडरिंगच्या नियमांनुसार पैशाचा उगम तपासणं सॉलिसिटरला भाग आहे. बँकेची स्टेटमेंटं झाली, मग खरेदीखत, मग त्याचं प्रमाणित भाषांतर. ऐन संक्रांतीला मेल आला, 'गुंठा' म्हणजे काय? सूनबाईंनी कळवलं, १,०८९ चौरस फूट. पैसा भारतातून येणार हे ऑक्टोबरातच सांगितलं होतं. कागद मागितले डिसेंबरात.

(दृश्य: रस्त्यावरच्या विक्रीच्या पाट्या, एकामागून एक.)

२००७ मध्ये यावर एक उपाय झाला होता. घर बाजारात आणतानाच विकणाऱ्यानं कागदांचा संच तयार करायचा, त्यात कौन्सिलचा शोधसुद्धा. नाव 'होम इन्फर्मेशन पॅक'. खर्चाची ओरड झाली आणि मे २०१० मध्ये नव्या सरकारनं तो गुंडाळला. स्कॉटलंडमध्ये मात्र २००८ पासून विकणाऱ्याला घराच्या पाहणीसह 'होम रिपोर्ट' आधीच द्यावा लागतो. तिथे जमतं.

(दृश्य: भाड्याच्या घरात भिंतीला लावलेली खोकी. एकावर 'देवघर' लिहिलंय.)

तक्रारीची सोय आहे. आधी त्याच फर्मकडे; आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लीगल ओम्बड्समनकडे. यांनी केली नाही. फाइल आणखी मागे पडेल, ही धास्ती. शिवाय चार घरांची साखळी. मालकीणबाईंना जिथे जायचं, ते घरही रिकामं व्हायचं होतं.

३१ मार्च उलटला, पहिल्या घरावरची स्टॅम्प ड्यूटीची सवलत आटली, ३,८५,००० पौंडांच्या घरावर ४,२५० पौंड भरावे लागले.

(दृश्य: एजंटचं ऑफिस. काउंटरवर लिफाफा.)

शुक्रवार, ११ एप्रिल २०२५. चाव्या या लिफाफ्यात आहेत. पैसे पोचल्याचा फोन समोरच्या सॉलिसिटरकडून आल्याशिवाय एजंट तो उचलूही देत नाही. हे दोघं सकाळी दहापासून बसलेत.

पावणेदोनला फोन वाजला.

(दृश्य: दार उघडतं. इथून शेवटपर्यंत निवेदन नाही.)