सिलाओचे मतदान : व्यापार करार आणि कामगारांचा हक्क

मध्य अमेरिकेतील ग्वातेमालात संघटना उभारणाऱ्या कामगारांना कामावरून काढले जाई, न्यायालय त्यांना परत घेण्याचा आदेश देई आणि तो आदेश कागदावरच राही. अमेरिकेशी झालेल्या मुक्त व्यापार करारानुसार आपले कामगार कायदे प्रभावीपणे राबवण्याचे बंधन या देशाने स्वीकारले होते. त्याच आधारावर एप्रिल २००८ मध्ये एएफएल-सीआयओ हा अमेरिकी कामगार महासंघ आणि ग्वातेमालातील सहा संघटना यांनी अमेरिकी सरकारकडे तक्रार केली आणि त्या सरकारने पुढे ती लवादापुढे नेली.

लवादाचा निकाल आला जून २०१७ मध्ये. आठ ठिकाणच्या ७४ कामगारांबाबत कायदा राबवला गेला नाही, हे लवादाने मान्य केले आणि तरीही अमेरिकेचा दावा फेटाळला; कारण ही कुचराई सातत्याने किंवा वारंवार, आणि तीही व्यापारावर परिणाम होईल अशा रीतीने झाली, हे दोन्ही सिद्ध करण्याची अट करारातच होती. अन्याय मान्य होऊनही कामगारांच्या पदरी काही पडू नये, इतकी ही अट कठोर होती.

अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांचा १ जुलै २०२० रोजी लागू झालेला करार नेमका येथे वेगळा आहे. व्यापारावर परिणाम झाला असे त्यात गृहीत धरले जाते; तसे नसल्याचे प्रतिवादी देशाने दाखवायचे असते. शिवाय 'जलद प्रतिसाद यंत्रणे'मुळे कारवाई थेट त्या कारखान्यावर होऊ शकते, म्हणजे त्याच्या मालाची आयात शुल्कातील सवलत जाऊ शकते.

मेक्सिकोच्या ग्वानाह्वातो राज्यातील सिलाओ येथे जनरल मोटर्सचा पिकअप ट्रकचा कारखाना आहे. मेक्सिकोत कामगारांना न विचारता युनियनचे पुढारी मालकाशी करार करून टाकत, ही जुनी रीत. २०१९ च्या सुधारणेने अशा करारांवर कामगारांचे मतदान बंधनकारक केले. एप्रिल २०२१ मध्ये सिलाओत असे मतदान सुरू असताना मतपत्रिका नष्ट केल्याचे उघड झाले आणि मतदान थांबवण्यात आले. मे महिन्यात अमेरिकी सरकारने स्वतःहून ही यंत्रणा वापरली. ऑगस्टच्या फेरमतदानात कामगारांनी २,६२३ विरुद्ध ३,२१४ मतांनी तो करार नाकारला, फेब्रुवारी २०२२ मध्ये 'सिंतिया' ही स्वतंत्र संघटना बहुमताने निवडली आणि मे महिन्यात ८.५ टक्के पगारवाढ मिळवली. ग्वातेमालात नऊ वर्षांत जे झाले नाही, ते येथे एका वर्षात घडले.

ही यंत्रणा दोन्ही बाजूंना सारखी नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील कारखान्याविरुद्ध ती वापरायची, तर तेथील राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाचा अंमलबजावणीत असलेला आदेश आधी हाती असावा लागतो. मेक्सिकोतील कारखान्याला अशी ढाल नाही. कराराच्या संयुक्त आढाव्यासाठी १ जुलै २०२६ ही तारीख करारानुसारच ठरते, आणि ही असमानता दूर करण्याची मागणी त्या आढाव्यात प्रथम यायला हवी.