हार्बरच्या डाव्या खिडकीतले रूळ

वाशीहून सीएसएमटी लोकल पकडलीत की डावी खिडकी पकडा. वडाळा गेलं की शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड या पट्ट्यात गोदामांच्या मधून, झुडपांतून रूळ दिसतात बघा, गंजलेले. ते आपल्या हार्बरचे नाहीत, ते बंदराचे. बॉम्बे पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे होती, 1 जानेवारी 1915 ला सुरू झालेली, बॅलार्ड पियरपासून वडाळ्यापर्यंत, आणि वडाळ्याला ती जीआयपी (आजची मध्य रेल्वे) आणि बीबीसीआय (आजची पश्चिम रेल्वे) अशा दोन्ही मोठ्या रेल्वेंना जोडलेली, म्हणजे देशभरातला माल गाडी न बदलता थेट जहाजाच्या कडेला.

(रस्त्यातला रूळ, अगदी जवळून)

हा शॉट घाई न करता बघा. डांबरात दोन पट्ट्या आहेत आणि प्रत्येकीच्या आतल्या बाजूला अजून एक रूळ, मधे दोन बोटं फट. रेल्वेच्या चाकाला आतून एक कड असते, ती कड या फटीतून जायची. ही फट ठेवली नसती तर रस्ता करताना डांबर-खडी रुळाला भिडली असती आणि वॅगन तिथेच रुळावरून उतरली असती. मुख्य दोन रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर, आपल्या लोकलचं आहे तेच. आता फटीत माती बसलीय, गवत आलंय, पण वरून ट्रक जाऊन जाऊन पोलाद मधेमधे अजून चकाकतं.

(गोदाम, उंच ओटा)

आणि हा ओटा. कमरेच्याही वर आहे, पायऱ्या नंतर कुणीतरी केलेल्या दिसतात, कारण मुळात इथे माणसाने रस्त्यावरून चढायचंच नव्हतं. वॅगनचा तळ आणि ओटा एका लेव्हलला यायचे, दार उघडलं की सरळ आत. विदर्भातून, खानदेशातून कापूस भरून मालगाडी यायची, वडाळ्याच्या यार्डात ती तोडायची, कुठली वॅगन कुठल्या गोदामाची ते बघून डबे वेगळे करायचे, मग शंटिंगचं इंजिन चार-सहा डबे हळूहळू ढकलत या गल्ल्यांत आणायचं, पॉईंट्समन खाली उतरून रूळ बदलणार, रस्ता आडवा आला की झेंडा दाखवून गाड्या थांबवणार, आणि डबे ओट्याला लागले की हातात आकडा, म्हणजे ओझं ओढायचा लोखंडी हूक, घेतलेली माणसं कामाला लागणार. कापसाची आजची गाठ साधारण 170 किलोची असते. ती आकड्याने ओढायची, आडवी पाडायची, लोळवत न्यायची, थप्पी लावायची, आणि जहाज लागलं की हेच सगळं उलटं. एका गाठीला किती हात लागायचे याचा हिशेब कुठल्याच फलकावर नाही, आणि मला तरी या सगळ्या रेल्वेत तेच सगळ्यात मोठं वाटतं.

साहेबलोकांची गोष्ट बरेच जण सांगतात, बॅलार्ड पियरला फ्रंटियर मेल लागायची, विलायतेच्या बोटीतून उतरलं की ट्रेन समोरच. ती खरीच आहे. पण आज कॅमेरा या ओट्यांवरच ठेवलाय.

(वाशी, एपीएमसीचं दाणा मार्केट, पोती उतरवताना)

आता आपल्याकडे या. ते रूळ रिकामे का पडले याचं निम्मं उत्तर खाडीच्या या बाजूला आहे. 26 मे 1989 ला न्हावा शेवा बंदर सुरू झालं, माल कंटेनरमधे बंद होऊन थेट तिकडे उतरायला लागला, आणि कंटेनर आला की ओटाही नको आणि आकडाही नको. त्याच सुमाराला मशीद बंदरचे बाजार नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने दिलेल्या जागेत हलले, कांदा-बटाटा आधी, नंतर दाणाबंदर, मसाला, आणि लोखंड बाजार तिकडे कळंबोलीला. बाजारासोबत माणसंही आली. सातारा-सांगलीकडून येऊन मुंबईत पाठीवर ओझी वाहणारे, अण्णासाहेब पाटलांनी ज्यांची संघटना बांधली आणि ज्यांच्यासाठी 1969 चा माथाडी कायदा झाला, ते माथाडी. कोपरखैरणे, घणसोलीत त्यांची घरं झाली, आज तिथे त्यांची नातवंडं राहतात आणि त्यातली कितीतरी रोज लोकलने याच रुळांच्या बाजूने कामाला जातात.

(पुलावरून, संध्याकाळ)

बाकी पटकन सांगायचं तर बंदराच्या जमिनीवरून 2013 मधे ईस्टर्न फ्रीवे आला, 12 जानेवारी 2024 ला शिवडीहून अटल सेतू सुरू झाला, तोही सरळ न्हावा शेव्याच्या दिशेने, म्हणजे माल ज्या बाजूला गेला त्याच बाजूला आता रस्ता. मागे राहिलेल्या गोदामांचं काम गेलं, कुणाकुणाची रोजीही गेली.

बंदराच्या या जागेसाठी नवे प्लॅन होतायत, होऊ देत, शहराला मोकळी जागा पाहिजेच. पण त्यात रस्त्यातलं एक क्रॉसिंग, त्याच्या दोन्ही फटींसकट, आणि त्याला लागून एक ओटा, एवढं जागच्या जागी राहू द्या. उचलून म्युझियममधे नेऊ नका, काचेच्या पेटीत ठेवलेल्या रुळावरून तो कुठून कुठे जात होता हे कळत नाही. आणि ओट्यावर फलक लावाल तर त्यावर गाठी ओढणाऱ्यांबद्दल लिहा. कोपरखैरणे-घणसोलीत कुणाच्या घरी आजोबांचा आकडा, बिल्ला, जुना फोटो असेल तर खाली कमेंटमधे सांगा, आम्ही कॅमेरा घेऊन घरी येतो, पुढचा भाग त्यांच्याशीच बोलून करायचाय.