दोन दारांची पेटी

(दृश्य : बंद लाकडी पेटी. दारांवर हाताने रंगवलेली फुलं.)

लगेच उघडू नका. आधी ही दारं बघा. पेरू देशात, अँडीजच्या डोंगरात आयाकूचो नावाचं शहर आहे, तिथली ही पेटी. आज हिला रेताब्लो म्हणतात. जुनं नाव सान मार्कोसची पेटी.

गुरांवर मालकीची खूण करायच्या सणाला ती बाहेर काढायची. वरच्या कप्प्यात संत. गुरं सांभाळायला सान मार्कोस, मेंढरांना सान हुआन, खेचरांना सान अंतोनियो. संत आणले स्पॅनिश पाद्र्यांनी. डोंगरातल्या माणसांनी त्यांना थेट राखणीला बसवलं! आणि खालच्या कप्प्यात? गुरं चोरणाऱ्याला फटके पडताहेत. या बाहुल्या म्हणजे उकडलेला बटाटा आणि जिप्समची पूड एकत्र मळून केलेला लगदा.

(दृश्य : निवडुंगातून डोकावणाऱ्या दगडी भिंती.)

शहरापासून वीसेक किलोमीटरवर वारी नावाच्या जुन्या नगरीचे अवशेष. इंकांच्या कितीतरी आधीची, साधारण इ.स. ६०० ते १००० या काळातली, वारी साम्राज्याची राजधानी. इंकांचं राज्य फोफावलं तेव्हा ती ओस पडून काही शतकं उलटली होती. पर्यटकांची रीघ माचू पिक्चूला. इथे निवडुंगच जास्त. वारीचे कुंभार रंगीत भांड्यांसाठी नावाजलेले होते. पुढे त्याच रस्त्यावर किनुआ गाव लागतं. तिथे आजही घराच्या आढ्यावर मातीचं छोटं चर्च बसवतात.

(दृश्य : पेटी उघडते.)

१९४० च्या दशकात पेरूची राजधानी लिमा इथल्या चित्रकार आलिसिया बुस्तामांते यांनी आयाकूचोत या पेट्या घडवणाऱ्या होआकिन लोपेस अंताय यांना सुचवलं, संतांच्या जागी रोजचं जगणं मांडा. मग पेटीत बाजार आला, सण आले, टोप्या करणाऱ्यांची दुकानं आली. १९७५ चा राष्ट्रीय संस्कृती पुरस्कार लोपेस अंताय यांना जाहीर झाला आणि लिमाचे काही चित्रकार खवळले. ही तर कारागिरी, हिला कला कोण म्हणेल? लगद्यातून माणूस उभा करणाऱ्याला हे ऐकावं लागलं, म्हणजे कमालच.

१९८१ मध्ये ते गेले. त्याच्या आदल्याच वर्षी आयाकूचोत 'सेंदेरो लुमिनोसो' या माओवादी गटाचं सशस्त्र बंड पेटलं होतं. बंडखोर आणि लष्कर यांच्यामध्ये गावंच्या गावं भरडली गेली. तेव्हा एदिलबेर्तो हिमेनेस यांच्यासारख्या कलाकारांनी तेही पेटीत मांडलं.

(दृश्य : कॅमेरा आत सरकतो.)

पूर्वी खालच्या कप्प्यात एक गुरंचोर मार खायचा. आता तिथे बंदूकधारी आहेत, आणि गुडघे टेकलेलं अख्खं गाव.