तिथीची पाऊणपट

नमस्कार श्रोतेहो. दिवाळी सरली की कोकण किनाऱ्याकडे गाड्या वळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत आणि हवा सुखाची. मार्चअखेरपासून हापूस मिळतो, पण घामाच्या धारा सोसाव्या लागतात. महिना कुठलाही निवडा, अलिबागचा समुद्रातला कुलाबा किल्ला ओहोटीत पायी जाऊन बघायचा असेल तर आधी कालनिर्णय उघडा आणि तिथी पाहा.

हिशेब जुना आणि सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर 4 ची पाऊणपट 3, म्हणून भरती पहाटे आणि दुपारी 3 च्या सुमारास. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी आणि रात्री नऊ-सव्वानऊला. शुद्ध असो वा वद्य, गणित तेच. अमावास्या-पौर्णिमेला 15 धरा. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून ही पाऊणपट. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना किंवा कोळ्यांना "सुकती, म्हणजे ओहोटी, किती वाजता?" असं विचाराच.

आता फसगत कुठे होते पाहा. अष्टमीला ओहोटी भरदुपारी येते, वेळ सोयीची वाटते. पण तेव्हा भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं पाणी असतं, ते फार मागे हटत नाही, वाट नीट उघडी पडत नाही. त्यापेक्षा द्वितीया ते चतुर्थी धरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा जोर टिकून असतो, पाणी दूरवर ओसरतं आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या आसपास मिळते. ऊनही कोवळं.

ओहोटीच्या तासभर आधी वाळूत उतरा, ओहोटीनंतर तासाभरात परत या. पाणी समोरूनच येईल असं समजू नका, ते दोन्ही बाजूंनी पसरत येतं. घोट्याच्या वर पाणी दिसलं तर लहान मुलांना घेऊन चालत निघू नका, होडीची वाट पाहा. मागचा पट्टा निघून जाणार नाही अशा चपला घाला, कारण खडकांवरची कालवं पाय कापतात आणि शेवाळ घसरवतं. माणशी दोन लिटर पाणी जवळ ठेवा.

आत 1759 साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. समुद्राकडच्या तटाशी मात्र जरा थांबा. तिथले मोठे चिरे चुन्याशिवाय रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा मार तिथेच विरतो.