स्लिकमध्ये ट्यूब टाकायची की नाही?

स्लिक म्हणजे ड्रॅग रेसचा (सरळ ट्रॅकवरच्या छोट्या शर्यतीचा) नक्षी नसलेला टायर. त्यात ट्यूब टाकली की ग्रिप वाढते असं बरेच जण धरून चालतात, तर तो विषय आधी संपवू. ग्रिप रबराची असते. ट्यूबचं मुख्य काम हवा धरून ठेवायची.

आता ही हवेची भानगड ड्रॅगमध्ये एवढी का? साध्या गाडीच्या टायरात हवेचा दाब ३२ पीएसआय असतो, त्यातले दोन गेले तर कुणाला पत्ताही लागत नाही. स्लिक मात्र १०-१२ पीएसआयवर चालतो, त्यातले दोन गेले म्हणजे सहावा-पाचवा हिस्सा गेला की राव! आणि बायस-प्लाय (आतल्या दोऱ्यांचे थर तिरके असलेल्या) स्लिकची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, मुद्दाम पातळ ठेवलेली, लाँचला, म्हणजे गाडी सुटताना, ती चुरगळावी, टायर जमिनीवर लांब पसरावा म्हणून, त्यामुळे काही टायर चक्क साइडवॉलमधूनच हवा सोडतात. साबणाचं पाणी मारून बघा, बारीक बारीक बुडबुडे येतात. बरं, दोन्ही टायर सारखेच उतरले तर एकवेळ चालेल, पण एक ११ आणि एक १३ झाला की दोघांचा घेर वेगळा, मागे स्पूल (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा भाग) असेल तर दोन्ही चाकं सारखीच फिरणार, मग गाडी एका बाजूला ओढणार. ट्यूबचा खरा फायदा तो हा. साइडवॉल थोडी कडक होते, शेवटच्या टप्प्यात गाडी कमी डुलते, हेही आहेच. पण प्रत्येक चाकाचं वजन वाढतं, आणि ते फिरणारं वजन, म्हणून टायर नुसता हवा धरत असेल तर उगाच ट्यूब कशाला टाकायची?

आता मुख्य धोका. लाँचला इंजिन रिमला फिरवतं, टायर जमिनीला चिकटलेला, मग रिम टायरच्या आत सरकते. ट्यूबलेस असेल तर फार तर बॅलन्स बिघडेल, थोडी हवा जाईल. ट्यूब असेल तर ती टायरबरोबर जाते आणि व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला, तो मुळापासून फाटतो. आणि ट्यूब फाटली की हवा हळूहळू जात नाही, व्हॉल्व्हचं भोक उघडंच असतं ना, एकदम जाते. म्हणून ट्यूब टाकणार असाल तर रिमच्या कडेतून बीडमध्ये (टायरची रिमवर बसणारी कड) स्क्रू मारायचेच, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही बाजूंनी, नाहीतर सरळ बीडलॉक रिम (बीड आवळून धरणारी) घ्या. स्क्रूची लांबी मात्र नीट बघा, टोक बीडच्या रबरातच थांबलं पाहिजे, आरपार निघालं तर तुम्हीच तुमची ट्यूब पंक्चर केली.

स्क्रू धरतायत का ते कळायला सोपी युक्ती आहे, टायर आणि रिम दोन्हीवरून खडूची एक सरळ रेघ ओढा आणि रन झाल्यावर बघा. रेघ तुटून बोटभर पुढे-मागे झाली असेल तर सरकलं. व्हॉल्व्हची रिमवरची नटही आवळू नका, मी तर काढूनच टाकतो. सरकलंच तर व्हॉल्व्ह आधी तिरका होतो, तुम्हाला दिसतं, आणि ट्यूब-टायरच्या मध्ये अडकलेली हवाही तिथूनच निघते.

बसवताना घाई नको. टायरच्या आत स्टिकर असतात ते सोलून काढा, त्यांची कड ट्यूब घासून घासून कापते. व्हॉल्व्हच्या भोकाची धार कानशीने मोडा, टाल्कम पावडर सढळ हाताने टाका, ट्यूबमध्ये आकार येण्यापुरतीच हवा भरून आत घाला. मग बीड बसेपर्यंत भरा, सगळी हवा सोडा, परत भरा. ही मधली हवा सोडायची पायरी लोक हमखास गाळतात आणि आत घडी राहते, तिथेच ट्यूब जाते. स्क्रू या सगळ्यानंतर. आणि गेज कमी प्रेशरचा घ्या, अर्धा पीएसआय वाचता येईल असा, ट्रकच्या गेजवर १२ काय आणि १३ काय.

कुणीतरी विचारलं, ड्रॅग रेडियलमध्ये (रेडियल बांधणीच्या ड्रॅग टायरमध्ये) ट्यूब टाकू का? नको. तो ट्यूबलेस चालवायलाच बनवलेला असतो, हवा जात असेल तर रिम तपासा. आणि जुनी ट्यूब नव्या टायरमध्ये? तीही नको, एकदा ताणली की पूर्वीच्या मापाला येत नाही, आत घडी पडणारच.